बारा बोअर, सात मिलिमीटर आणि पाच टनांचा हत्ती

‘बारा बोअरची बंदूक’ हे शब्द खेड्यापाड्यांत सर्वांच्या परिचयाचे आहेत. जुन्या वाड्यात भिंतीवर टांगलेली किंवा रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली ती बंदूक. पण हे ‘बारा’ कशाचे, असे विचारले तर उत्तर क्वचितच मिळते. बारा इंच नाही, बारा मिलिमीटर नाही. एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी.

घनफळ शिकवताना वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. त्याचा बारावा भाग ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम; तेव्हा गोळीचे घनफळ ३.३३ घन सें.मी. आणि व्यास सुमारे १.८५ सें.मी. आता बाराऐवजी चार घ्या. गोळीचे वजन ११३.४ ग्रॅम, घनफळ बरोबर १० घन सें.मी., व्यास जवळजवळ २.७ सें.मी. अर्धपाव शिशाचा गोळा! एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेत आणि श्रीलंकेत हत्तीच्या शिकारीला जाणारे इंग्रज अशा चार बोअरच्या बंदुका खांद्याला लावीत. सॅम्युएल बेकर या प्रसिद्ध प्रवाशाकडे तर अर्ध्या पौंडाचा गोळा उडवणारी बंदूक होती आणि तिचे लाडके नाव होते ‘बेबी’.

आणि याच हत्तीला, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, एक स्कॉटिश तरुण ११ ग्रॅमच्या गोळीने मारू लागला. त्या गोळीचा व्यास होता ७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या नेहमीच्या शिसपेन्सिलीएवढा. एका पिढीच्या आत गोळीचे वजन दहापट कमी झाले, तरी काम तेच झाले. हे कसे घडले आणि त्यातून कोणता निष्कर्ष काढणे योग्य व कोणता अयोग्य, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. शिकारीचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही, हे आधीच सांगितलेले बरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने आपल्या देशात तो अध्याय संपला, ते योग्यच झाले. परंतु बल, संवेग, ऊर्जा आणि दाब या चार शब्दांची गल्लत सुशिक्षित माणसेही कशी करतात, याचे इतके बोलके उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण.

प्रथम मोठ्या बंदुकीची बाजू समजून घेऊ. त्या काळी बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. साधारण ७५, १५ आणि १० टक्के असे त्याचे प्रमाण. ही दारू जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भागाचे वायूत रूपांतर होतच नाही. तो घन कणांच्या रूपात धूर म्हणून बाहेर पडतो किंवा काजळीसारखा नळीत चिकटून बसतो. गोळीला ढकलण्याचे काम फक्त वायू करतात. त्यामुळे काळ्या दारूने गोळीला मिळणारा वेग साधारण सेकंदाला ४०० ते ५०० मीटरपर्यंत पोचे आणि तेथेच अडखळे. वेग वाढत नाही म्हटल्यावर मारा वाढवण्याचा एकच मार्ग उरतो. गोळी जड करा. शिसे मऊ असल्यामुळे हाडावर आपटून ते चपटे होई, म्हणून आणखी जड करा. अशा रीतीने आपण बारा बोअरवरून आठवर आणि आठवरून चारवर येऊन पोचतो. त्या लोकांना मूर्ख ठरवण्याचे कारण नाही. हातात असलेल्या रसायनशास्त्राच्या मर्यादेत त्यांनी काढलेले उत्तर बरोबर होते.

पण या उत्तराची किंमत खांद्याला मोजावी लागे. न्यूटनचा तिसरा नियम येथे वाट पाहत उभाच असतो. ११३ ग्रॅमची गोळी ४०० मी./से. वेगाने बाहेर पडली तर तिचा संवेग सुमारे ४५ कि.ग्रॅ.मी./से. होतो. तेवढाच संवेग उलट दिशेने बंदुकीला मिळतो. बंदूक १० किलोची धरली, तर ती साडेचार मीटर वेगाने मागे येईल आणि तिची गतिज ऊर्जा सुमारे १०० जूल असेल. शिवाय नळीतून बाहेर उसळणाऱ्या वायूंचा धक्का आम्ही हिशेबात धरलेलाच नाही. फ्रेडरिक सेलूस हा नामवंत शिकारी आपल्या उमेदीच्या काळात, १८७० च्या दशकात, चार बोअरच्या बंदुका वापरत होता. पुढे त्याने लिहून ठेवले की त्या बंदुका आपण हाती घेतल्या नसत्या तर बरे झाले असते. त्यांच्या हिसक्यांनी आपल्या मज्जातंतूंवर परिणाम झाला आणि नेम बिघडला. चाप ओढण्यापूर्वीच ज्याचे डोळे मिटतात त्याची गोळी कितीही जड असली, तरी तिचा उपयोग काय?

१८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. तिचा पाया होता नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. कापसाचे हे स्फोटक रूप शोनबाइनला १८४६ सालीच माहीत झाले होते, पण ते इतके तडकाफडकी जळे की बंदूकच फुटे. व्हिएयने ते द्रावकात भिजवून जिलेटिनसारखे केले, त्याचे पातळ पत्रे लाटून तुकडे पाडले आणि ज्वलनाचा वेग आटोक्यात आणला. ही दारू जवळजवळ पूर्णपणे वायूत बदलते. १८८६ मध्ये फ्रेंच सैन्याने ८ मि.मी.ची लेबेल रायफल स्वीकारली. पाठोपाठ नोबेलने बॅलिस्टाइट आणि इंग्रजांनी कॉर्डाइट आणले. गोळीचा वेग आता सहजी ६०० ते ७०० मी./से. झाला. या वेगाला नुसते शिसे नळीतील आट्यांवर टिकत नाही, खरवडून निघते. म्हणून स्विस अधिकारी एडुआर्ड रूबिन याने १८८२ मध्ये सुचवलेले तांब्याचे कवच गोळीवर चढले. लांब, सडपातळ, कठीण आवरणाची आणि स्वतःभोवती फिरणारी गोळी जन्माला आली. स्पेनच्या सैन्याने १८९३ मध्ये घेतलेल्या ७ मि.मी. माउझर रायफलची गोळी ११.२ ग्रॅमची, व्यासाच्या सुमारे चौपट लांब. नळीतून बाहेर पडताना ती सेकंदाला तीन हजारांहून अधिक गिरक्या घेई. नळीतील आटे २२० मि.मी.त एक वेढा घेतात एवढे सांगितले, तर विद्यार्थी हा आकडा स्वतःच काढतील.

हे सगळे सैन्यासाठी झाले होते. शिकारीसाठी इंग्रज कारखानदारांनी नव्या दारूचा निराळाच उपयोग केला. १८९८ साली लंडनच्या रिग्बी यांनी ०.४५० इंचाचे ‘नायट्रो एक्स्प्रेस’ काडतूस आणले. गोळी ३१ ग्रॅमची, वेग साडेसहाशे मीटर. जुन्या चार बोअरपेक्षा ही बंदूक खूपच सुटसुटीत होती आणि बहुतेक शिकाऱ्यांचे समाधान तेथे झाले. सैनिकी मापाची बारीक रायफल घेऊन हत्तीसमोर जाणे हा वेडेपणा समजला जाई. तरी काही जण गेले. आर्थर न्यूमन याने १८९० च्या दशकात ०.३०३ इंचाच्या ली-मेटफर्डने तुर्काना सरोवराच्या परिसरात हत्ती मारले. १८९६ मध्ये एका हत्तिणीसमोर ऐन वेळी त्याची बंदूक चालली नाही आणि तिने त्याला जबर जखमी केले.

मात्र या विषयात सर्वांत गाजलेले नाव वॉल्टर बेल याचे. १८८० साली जन्मलेला हा स्कॉटिश तरुण युगांडाच्या ईशान्येकडील करामोजा प्रदेशात हस्तिदंतासाठी हिंडला आणि ‘करामोजो बेल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धात तो वैमानिक होता. १९२३ मध्ये त्याने आपल्या भटकंतीवर पुस्तक लिहिले आणि १९५४ मध्ये तो वारला. त्याच्या नावावर एकूण १,०११ हत्तींची नोंद आहे. त्यांतील सुमारे आठशे त्याने ७ मि.मी. रायफलने मारले. याच काडतुसाला रिग्बी यांनी पुढे ‘०.२७५’ असे इंग्रजी नाव दिले. माप तेच, फक्त बारसे नवे.

बेलने काय निराळे केले? त्याने हत्तीची कवटी मधोमध करवतीने कापून पाहिली. आमच्या मते हा या कथेतील सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे. हत्तीचे डोके प्रचंड दिसते, पण त्याचा बराचसा भाग पोकळ असतो. कवटीच्या बाहेरच्या व आतल्या भिंतींमध्ये हवेने भरलेल्या असंख्य कप्प्यांचे, मधाच्या पोळ्यासारखे हाड असते. सुळे, सोंड आणि त्यांचे स्नायू पेलण्यासाठी डोक्याला मोठा पृष्ठभाग हवा, पण वजन नको. निसर्गाने काढलेली ही तोड आहे. पाच किलोंच्या आसपासचा मेंदू या सगळ्याच्या मागे, खालच्या बाजूला, दोन्ही कानांच्या छिद्रांच्या दरम्यान बसलेला असतो. त्याचा आकार साधारण फुटबॉलएवढा. तीस मीटरवरून फुटबॉलला नेम लावणे अवघड नाही. अवघड हे की तो फुटबॉल दिसत नाही. प्राणी समोरून, बाजूने, तिरका किंवा पाठमोरा असताना तो कोठे असेल याचे चित्र मनात तयार असावे लागते. बेलने ते चित्र तयार केले. तो चित्रेही चांगली काढत असे, याचा त्याला उपयोग झाला असावा.

मेंदूत गोळी शिरली की हत्ती उभ्या जागी कोसळतो. मग ती गोळी ७ मि.मी.ची आहे की २७ मि.मी.ची, याने फरक पडत नाही. उलट हलक्या रायफलचा आवाज कमी, हिसका कमी, दुसरी गोळी लगेच तयार. आणि एक जनावर गाजावाजा न होता खाली बसले, तर बाकीचा कळप चटकन उधळत नाही, असे बेलचे निरीक्षण होते. शिवाय सैनिकी काडतुसे स्वस्त आणि कठीण आवरणाची.

आता प्रश्न असा की ११ ग्रॅमची गोळी त्या मेंदूपर्यंत पोचते कशी? येथे थोडे गणित करू. चार बोअरच्या गोळ्याची गतिज ऊर्जा सुमारे ९००० जूल. ७ मि.मी. गोळीची, ७०० मी./से. वेगाने, सुमारे २७४० जूल, म्हणजे तिसरा हिस्साही जेमतेम. पण गोळीला वाट काढायची असते ती आपल्या तोंडासमोरच्या क्षेत्रफळातून. चार बोअरच्या गोळ्याचा छेद ५.६ चौ. सें.मी.; ७ मि.मी. गोळीचा अवघा ०.४१ चौ. सें.मी. ऊर्जेला छेदाने भागले तर मोठ्या गोळ्याच्या वाट्याला दर चौ. सें.मी.ला सुमारे १६०० जूल येतात आणि बारीक गोळीच्या वाट्याला सुमारे ६७००. चौपट! वस्तुमानाला छेदाने भागले तरी कौल तोच: २० ग्रॅम विरुद्ध २७ ग्रॅम. म्हणजे आपल्या जाडीच्या मानाने पेन्सिलीएवढी ती गोळी अर्धपाव शिशाच्या गोळ्यापेक्षा ‘जड’ होती. दाभण आणि अंगठा यांतला हा फरक आहे.

वर्गात हे दाखवायला बंदूक लागत नाही. मऊ मळलेल्या चिकणमातीचा जाड थर घ्या. त्यावर एक मीटर उंचीवरून एक लोखंडी गोटी सोडा आणि नंतर तेवढ्याच वजनाचा, दोन्ही टोके बोथट असलेला लोखंडी गज उभा सोडा. गज सरळ पडावा म्हणून तो कागदाच्या नळीतून सोडावा. ऊर्जा दोघांची सारखीच. खड्ड्यांची खोली मात्र निराळी. मातीतला हा प्रयोग जुना आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉलंडमध्ये स्ग्रावेसांडे याने पितळी गोळे मातीत टाकून दाखवले की खड्डा वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. संवेग खरा की ऊर्जा खरी, या तत्त्वज्ञांच्या तत्कालीन भांडणात तो पुरावा ठरला. गंमत अशी की दीडशे वर्षांनी हेच भांडण शिकाऱ्यांच्या छावणीत पुन्हा सुरू झाले. हलक्या, वेगवान गोळीचे भक्त ऊर्जेचे आकडे फेकीत. जड, संथ गोळीचे भक्त संवेगाचे.

दुसऱ्या गटाचा आवडता शब्द होता ‘लोळवणारी ताकद’. मोठी गोळी जनावराला नुसत्या तडाख्याने खाली पाडते, असा समज होता आणि आजही तो ऐकू येतो. संवेग अक्षय्यतेचा नियम लावून पाहा. ४५ एककांचा संवेग पाच टनांच्या हत्तीला दिला, तर हत्तीला मिळणारा वेग सेकंदाला ९ मिलिमीटर. ७ मि.मी.च्या गोळीने मिळेल दीड मिलिमीटर. मुंगीही याहून वेगाने चालते. शिवाय जेवढा संवेग हत्तीला मिळतो, तेवढाच गोळी झाडणाऱ्याच्या खांद्याला मिळालेला असतो. हत्ती त्याने पडणार असेल तर शिकारी आधी पडायला हवा. जनावर पडते ते त्याच्या शरीरातील काहीतरी नादुरुस्त होते म्हणून.

जॉन टेलर या शिकाऱ्याने १९४८ च्या आपल्या पुस्तकात या ‘ताकदी’चे एक सूत्रच दिले. गोळीचे वजन, तिचा वेग आणि तिचा व्यास यांचा गुणाकार. मेंदू थोडक्यात हुकला, तरी जवळून गेलेल्या जड गोळीने हत्ती काही काळ बेशुद्ध पडतो, असा त्याचा अनुभव होता आणि त्यासाठी त्याने हा आकडा रचला. या हिशेबाने ०.४५० नायट्रो एक्स्प्रेसला ६७ च्या आसपास गुण मिळतात आणि ७ मि.मी.ला सुमारे १५. अनुभव खरा असू शकेल. पण सूत्राचे मितीय विश्लेषण केले तर ते कोनीय संवेगाचे एकक निघते, ज्याचा या प्रसंगाशी काही संबंध नाही. हवे ते उत्तर येईपर्यंत राशी गुणत जाणे, हा उद्योग परीक्षेच्या उत्तरपत्रिकांमध्येही आपण पाहतो.

परंतु पहिल्या गटाची, म्हणजे वेगाच्या भक्तांची, बाजूही तितकीच लंगडी होती. १९११ मध्ये नैरोबीजवळच्या मैदानात जॉर्ज ग्रे यांनी घोड्यावरून सिंहाचा पाठलाग केला. ग्रे हे ब्रिटनचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे बंधू. त्यांच्या हातात ०.२८० रॉस ही त्या काळातील अत्यंत वेगवान रायफल होती. गोळी सुमारे साडेनऊ ग्रॅमची, वेग ९०० मी./से., ऊर्जा ३८०० जूलच्या घरात. म्हणजे व्यास जवळपास बेलच्या गोळीएवढाच आणि ऊर्जा तिच्याहून हजार जूल जास्त. सिंहाने चाल केली. ग्रे यांनी दोन गोळ्या अगदी जवळून मारल्या आणि त्या लागल्याही. पण त्या गोळ्या आत शिरण्याऐवजी वरच्या वर फुटणाऱ्या होत्या. सिंह थांबला नाही. ग्रे काही दिवसांनी नैरोबीत वारले. हत्तीच्या वजनाचा पंचविसावा हिस्साही नसलेल्या प्राण्याने ‘पुरेशी ऊर्जा’ अंगावर घेऊन माणूस मारला. ऊर्जा किती, यापेक्षा ती कोठे खर्च होते हे महत्त्वाचे. बेलची गोळी आपला आकार टिकवून खोलवर जाई, ग्रे यांची गोळी कातडीखालीच आपले भांडवल उधळून मोकळी झाली.

भारताचा या इतिहासाशी दोन प्रकारे संबंध आला. पहिला कायद्याने. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांकडे जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, त्यांचे माप ०.४५० इंच. शिकारीच्या ०.४५० काडतुसांतील गोळ्या त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात आणि सुदानमध्ये या मापावर बंदी घातली. हिंदुस्थानातील गिऱ्हाईक सोडणे इंग्रज कारखानदारांना परवडणारे नव्हते, त्यांनी ०.४६५, ०.४७०, ०.४७५, ०.४७६ अशी मापांची रांगच लावली. या मापांत हत्तीच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. फरक होता तो जकात-नाक्यावरच्या कारकुनाच्या दृष्टीने. ०.३०३ हे लष्करी मापही आपल्याकडे नागरिकांना वर्ज्य राहिले. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी ०.३१५ इंची रायफल काढली, तिचे मूळ या बंदीतच आहे.

दुसरा संबंध जिम कॉर्बेट यांच्यामुळे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण त्यांनी मारली, त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना एक रायफल भेट दिली. ती ०.२७५ रिग्बी होती. ११ एप्रिल १९३० रोजी कॉर्बेट चौगडच्या वाघिणीच्या मागावर होते. सरकारी नोंदीप्रमाणे या वाघिणीने ६४ माणसे मारली होती. पक्ष्यांची अंडी जमवण्याचा त्यांना नाद होता. वाटेत रातव्याची दोन अंडी सापडली, ती त्यांनी डाव्या हातात घेतली. एका मोठ्या शिळेला वळसा घालताना त्यांनी मागे मान वळवली, तो वाघीण अडीच-तीन मीटरवर बसलेली! उजव्या हातातील हलकी रायफल त्यांनी एकाच हाताने, अगदी सावकाश, पाऊण वर्तुळात फिरवली आणि चाप ओढला. कॉर्बेट यांनी नंतर लिहिले आहे की जड रायफल असती तर ती अशी एका हाताने फिरवता आली नसती, आणि हातात अंडी नसती तर झटक्याने वळण्याचा मोह झाला असता. येथे गोळीच्या शक्तीचा प्रश्नच नव्हता. साडेतीन किलोची वस्तू मनगटावर पेलते की नाही, एवढाच प्रश्न होता. अंडी त्यांनी परत घरट्यात नेऊन ठेवली.

आणखी एक उदाहरण पाहू, कारण ते या वादाचे शेवटचे टोक आहे. १० मे १९५३ रोजी कॅनडातील आल्बर्टा प्रांतात, स्लेव्ह लेक गावाजवळ, बेला ट्विन या क्री जमातीच्या ६३ वर्षांच्या बाईंनी एक अवाढव्य ग्रिझली अस्वल मारले. त्यांच्याकडे होती एकावेळी एकच काडतूस भरण्याची पॉइंट टू-टू रायफल, जिने सशाची शिकार करतात. गोळी दोन ग्रॅमहूनही कमी, ऊर्जा सुमारे ११५ जूल. अस्वल अगदी जवळ आले तेव्हा त्यांनी डोक्याच्या बाजूला, जेथे हाड पातळ असते तेथे, गोळी घातली. ते पडल्यावर खात्रीसाठी आणखी काही गोळ्या घातल्या. फासे लावून जनावरे धरण्यात आयुष्य गेलेल्या बाईंना कवटी कोठे पातळ असते हे माहीत होते. आता वरचा एक आकडा आठवा. चार बोअरची बंदूक झाडताना शिकाऱ्याच्या खांद्याला बसणारी ऊर्जा १०० जूल. म्हणजे ज्या ऊर्जेने अस्वल मेले, जवळजवळ तेवढीच बेकर-सेलूस यांच्या पिढीने दर बाराला स्वतःच्या खांद्यात जिरवली होती!

अशा गोष्टी ऐकल्या की ‘मग बारीक बंदूकच चांगली’ असे म्हणावेसे वाटते. नेमका येथेच वैज्ञानिकाने हात आखडता घ्यायला हवा. बेलचे पुस्तक आपण वाचतो, कारण बेल परत आला. बारीक रायफल घेऊन हत्तीसमोर गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांनी पुस्तके लिहिली नाहीत. आणि पोटात गोळी घेऊन झाडीत गेलेली, आठवड्याने सडून मेलेली जनावरे तर कोणाच्याच यादीत नाहीत. आपल्यासमोर आहे तो निवडून उरलेला नमुना. त्यातही बेल हा असामान्य नेमबाज. करामोजाचा प्रदेश उघड्या गवताळ माळांचा. तेथील हत्तींना तोवर बंदुकीची फारशी ओळख नव्हती. घनदाट रानात, अंगावर धावून येणाऱ्या हत्तीवर, साधारण हाताच्या माणसाने तीच रायफल चालवली तर निष्कर्ष निराळा निघेल. म्हणूनच पुढे आफ्रिकेतील अनेक देशांनी किमान माप ठरवून दिले. झिंबाब्वेच्या नियमात हत्ती, रानरेडा व पाणघोडा यांच्यासाठी किमान ९.२ मि.मी. व्यास आणि ५३०० जूल ऊर्जा अशी अट आहे. बेलची रायफल यांपैकी कोणतीच अट पुरी करत नाही. तिच्याने हत्ती मरत नाही असे नियम करणाऱ्यांना म्हणायचे नव्हते. नेम थोडा चुकला तर काय होईल, याची काळजी त्यांना होती. शिवाय ०.४५० ची गोळीही दर चौ. सें.मी.ला सुमारे ६३०० जूलच घेऊन जाते, म्हणजे खोली जवळजवळ तीच, पण भोक अडीचपट क्षेत्रफळाचे. चुकीला थोडी जास्त जागा.

नियमाची ही चौकट अर्थात नियम पाळणाऱ्यांसाठी. बारीक रायफलने हत्ती मारता येतो, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चोरट्या शिकाऱ्यांनी भलत्याच रीतीने सिद्ध केले. त्यांच्या हातात आली कलाश्निकोव्ह. तिची गोळी ७.६२ मि.मी.ची, ८ ग्रॅमची, ऊर्जा २००० जूलच्या आसपास. म्हणजे बेलच्या गोळीहूनही दुबळी. कवटी कापून पाहण्याची, कोन शिकण्याची, जवळ जाऊन एका गोळीत काम करण्याची गरज उरली नाही. एका खटक्यात तीस गोळ्या उडतात. त्यांतल्या किती कोठे लागल्या आणि किती जखमी जनावरे पळाली, याची फिकीर हस्तिदंताच्या व्यापाऱ्याला नव्हती. केनियात १९७३ मध्ये अंदाजे १,६७,००० हत्ती होते, १९८९ मध्ये सुमारे १६,००० उरले. सबंध आफ्रिकेत १९७९ चा अंदाज १३ लाखांचा, दहा वर्षांनंतरचा सहा लाखांचा. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये आफ्रिकी हत्तीला आंतरराष्ट्रीय करारातील सर्वांत कडक परिशिष्टात घालून हस्तिदंताचा व्यापार बंद करण्यात आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विमानातून केलेल्या गणनेत अठरा देशांत मिळून सवाना हत्तींची संख्या ३,५२,२७१ भरली.